वाक्य केतकरांचं होतं

जुलै-ऑगस्टात पुण्या-मुंबईत निरोपाचे कार्यक्रम भरतात. अमेरिकेला, जर्मनीला, ऑस्ट्रेलियाला शिकायला निघालेली मुलं, त्यांचे आईबाप, नारळ, शाल आणि एक प्रमुख पाहुणे. अशाच एका कार्यक्रमात पाहुण्यांनी मुलांना बजावलं की तुम्ही नुसते विद्यार्थी नाही, आपल्या संस्कृतीचे राजदूत आहात. आनंदीबाई जोशी गेल्या, बाबासाहेब आंबेडकर गेले, त्यांनी तिथे देशाची मान उंचावली, तुम्हीही उंचवा. टाळ्या पडल्या. दुसरं नाव ऐकून मला मात्र खुर्चीत नीट बसवेना. राजदूताला सरकार पाठवतं, भत्ता देतं आणि परमुलखात काय बोलायचं नाही तेही ठरवून देतं. आंबेडकर कोलंबियात जे बोलले, ते एखाद्या राजदूताच्या तोंडून निघालं असतं तर त्याला पुढच्या बोटीने माघारी बोलावलं असतं.

ही राजदूतगिरी आली कुठून? सुरुवातीच्या काळात तिचा मागमूस नाही. समुद्रप्रवास कलिवर्ज्यांत होता, बौधायनाने तो पतनाच्या कारणांत घातला होता, आणि विलायतेहून आलेल्याला प्रायश्चित्त होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गांधींना १८८८ मध्ये मोढ वाण्यांच्या ज्ञातीने वाळीत टाकलं. १८९१ मध्ये परतल्यावर भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवलं आणि राजकोटला ज्ञातिभोजन घातलं. एका गोष्टीकडे मात्र लक्ष जात नाही. या साऱ्या व्यवहारात परतलेल्या माणसाच्या पोटात काय गेलं याची चौकशी होई, डोक्यात काय आलं याची नाही. त्या अर्थाने जुनी बंदी आजच्या उपदेशापेक्षा सैल होती. डुबकी मारली की हिशेब मिटला.

डोक्याची हमी द्यायची वेळ पहिल्यांदा आली ती आनंदीबाईंवर. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भरसभेत या सतरा वर्षांच्या मुलीने सांगितलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. आपण हे वाक्य अभिमानाने सांगतो, पण ते कुणाला उद्देशून होतं ते सांगत नाही. तिला अमेरिकेला पाठवण्यासाठी तिचे पती गोपाळराव यांनी मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिलं होतं. वाइल्डरनी ते आपल्या मासिकात छापलं आणि सोबत धर्मांतराचा सल्लाही दिला. म्हणजे एकीकडे बाटण्याची अट आणि दुसरीकडे बाटशील ही भीती, अशा दोन्ही दारांतून मुलीला बाहेर पडायचं होतं. ते वाक्य म्हणजे तिने काढलेला परवाना होता. परवान्याला आपण बाणा समजलो, आणि गेली एकशे चाळीस वर्षं प्रत्येक जाणाऱ्याकडून तोच लिहून घेत आहोत.

त्याच वर्षी सप्टेंबरात पंडिता रमाबाईंनी इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि पुण्याने त्यांच्या नावावर फुली मारली. पण वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार वाचावा. क्रूसावरची अक्षरं लॅटिनच का, संस्कृत का नकोत, यावर ही बाई भांडते. बिशपचा शब्द प्रमाण का मानायचा, असं विचारते. धर्म बदलला तरी उलट विचारायची खोड गेली नाही. ती खोड त्यांना इंग्लंडने लावलेली नव्हती.

आता खरा मुद्दा. श्रीधर व्यंकटेश केतकर आपल्याला ज्ञानकोशकार म्हणून माहीत असतात, फार तर ‘ब्राह्मणकन्या’ कादंबरीमुळे. १९०६ मध्ये हा तरुण अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पोहोचला आणि १९०९ मध्ये इथाकाहून त्याचं हिंदुस्थानातल्या जातींच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक निघालं. मनुस्मृतीचा काळ इसवी सनाचं तिसरं शतक धरून त्या वेळचा समाज कसा होता, हे त्यात शोधलं आहे. सनातन म्हणवणाऱ्या ग्रंथाला सनावळी लावणं, एवढंच पुणेरी घरात वादळ उठवायला पुरेसं होतं. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला केतकर एक इशारा देतात. हिंदुस्थानात जात आहे तोवर हिंदू बाहेरच्यांशी रोटीबेटी फारशी करणार नाहीत, आणि ते पृथ्वीवर इतरत्र जाऊन राहिले तर जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होईल, असा त्याचा आशय.

ओळखीचं वाटतं ना? फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलने जातिभेदाला कायद्याने मनाई केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसं विधेयक मंजूर झालं आणि ऑक्टोबरात गव्हर्नरांनी ते नाकारलं. या सगळ्या वादात ते वाक्य फलकांवर, भाषणांत, लेखांत फिरत होतं, आणि बहुतेक ठिकाणी त्याखाली आंबेडकरांचं नाव होतं. आंबेडकरांनी ते उद्धृत केलं, हे खरं. पण केतकरांच्या नावानिशी, अवतरणचिन्हांत.

हा निव्वळ तळटिपेतला घोळ असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. पण नाव बदललं की वाक्याचा अर्थ बदलतो. आंबेडकरांच्या नावावर ते सोसलेल्याची तक्रार होऊन बसतं. एक बाजू ते डोक्यावर घेते, दुसरी कुरकुर म्हणून झटकून टाकते, आणि दोघांपैकी कुणालाच पुढे विचार करावा लागत नाही. ते इथाकात बसून एका ब्राह्मण विद्यार्थ्याने लिहिलं आणि सात वर्षांनी दुसऱ्या मराठी विद्यार्थ्याने पडताळायला घेतलं, हे कळलं की झटकायची सोय उरत नाही.

९ मे १९१६. कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचविशीतले आंबेडकर जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचतात. सुरुवातच मजेशीर आहे. वस्तूंची प्रदर्शनं आपण पाहतो, मग मानवी संस्थांचं प्रदर्शन का नसावं, असं म्हणून ते स्वतःला पॉम्पेईचे अवशेष दाखवणाऱ्या वाटाड्याच्या जागी उभं करतात. मग सेनार, नेस्फील्ड, रिझ्ली आणि केतकर अशा चौघा अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या घेतात. पहिल्या तिघांना लवकर निकालात काढतात. केतकरांपाशी मात्र थबकतात, त्यांच्या चिकित्सक बुद्धीला आणि मोकळ्या मनाला दाद देतात, आणि मग चूक दाखवतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणं दिली होती : सभासदत्व जन्मानेच मिळतं, आणि जातीबाहेर लग्न चालत नाही. आंबेडकर म्हणतात, ही दोन नव्हेत, एकच. बाहेर लग्न बंद केलं की आत यायला जन्माखेरीज वाट उरतच नाही. एवढ्या साध्या दुरुस्तीवर पुढचा सगळा निबंध उभा आहे. दार बंद ठेवायचं तर आतल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा गेला तर उरलेल्या बाईचं काय करायचं? जाळायचं किंवा सक्तीने विधवा ठेवायचं. बायको गेली तर उरलेल्या पुरुषासाठी लग्नाच्या वयाच्याही खालची मुलगी आणायची. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह हे त्या बंद दाराचे हिशेब आहेत.

हा निबंध बंडखोराचा पहिला हुंकार म्हणून वाचला जातो. मला ते वाचन चुकीचं वाटतं. त्यात मनूवर कठोर शब्द आहेत, पण जातीचं खापर त्याच्यावर फोडलेलं नाही. उलट एकट्या मनूला जात निर्माण करणं शक्यच नव्हतं, असं बजावलं आहे. शिवाय सांस्कृतिक एकतेत हिंदुस्थानशी बरोबरी करणारा देश नाही, हेही त्यात आहे. प्रमुख पाहुण्यांना हे वाक्य फार आवडेल. पण आंबेडकर तिथे थांबत नाहीत. संस्कृती एक आहे म्हणूनच जातीचं कोडं अवघड आहे, मुळातल्या एकजीव समाजाचे तुकडे पडले कसे, हे सांगावं लागतं, असं ते पुढे म्हणतात. अभिमानाचं कलम त्यांनी चौकशीचा आरंभबिंदू केलं. बदल झाला तो इथे. तिथवर परदेशातला आपला विद्यार्थी हमी देत होता किंवा हमी मोडत होता. केतकर-आंबेडकरांनी हमीचा कागद बाजूला सारून व्याख्या मागितली.

यावर ठरलेलं उत्तर येतं : हे सगळं अमेरिकेने शिकवलं. पण जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली ती पुण्यात, आणि अर्पण केली गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. दृष्टी यायला बोटीचं तिकीट लागत नाही. परदेशाने दिलं ते ग्रंथालय, आणि काहीच माहीत नसलेला श्रोता. त्याच्यापुढे ‘आपल्यात असंच असतं’ म्हणून सुटता येत नाही.

आणि परतणं? अस्पृश्यत्वाची जाणीव परदेशातल्या वर्षांनी आपल्या मनातून पार पुसून टाकली होती, असं आंबेडकरांनीच लिहून ठेवलं आहे. १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा त्यांना गावात राहायला जागा मिळेना. पारशी खानावळीत नाव बदलून राहिले, तर काठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढलं. गांधींना गोदावरी होती. यांच्यासाठी शास्त्रात डुबकी नव्हती, कारण यांचा दोष प्रवासाचा नव्हताच. केतकरांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांनी १९२० मध्ये मूळच्या ज्यू असलेल्या एडिथ कोह्नशी लग्न केलं, तेही व्रात्यस्तोम विधी करवून, तिला हिंदू करून घेऊन आणि शीलवती हे नाव देऊन. जन्माखेरीज आत यायला वाट नाही असं स्वतःच लिहिलेल्या माणसाने ती वाट विधीने पाडली. आंबेडकरांना हे पाहून हसू आलं असतं की दाद द्यावीशी वाटली असती, मला ठरवता येत नाही.

आज विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘शुद्ध शाकाहारी रूममेट हवा’ असा मेसेज पडतो, खाली कुणीतरी आडनाव विचारतं, आणि त्यावरून भांडण जुंपतं. बाकीचे म्हणतात, आम्ही असलं काही मानत नाही, आमच्या अपार्टमेंटमध्ये सगळे एका कढईतलं खातात, गणपतीला एकत्र आरती करतात. खरं आहे, आणि चांगलंही आहे. पण बाहेरच्यांबरोबर न जेवणं हे जातीचं लक्षण आहे असं नेस्फील्ड म्हणत होता, आणि आंबेडकरांनी त्याला तिथेच खोडलं होतं : जेवणावरची बंदी हा परिणाम आहे, कारण नव्हे. कारण लग्नात आहे. एका कढईतलं खाणाऱ्या याच मुलांचे बायोडेटा चार-पाच वर्षांनी विवाहमंडळात येतात, आणि त्यात पगाराच्या वरच्या ओळीत पोटजात लिहिलेली असते.