हातचे अन्न

मराठीत अन्नाला जोडून येणारा 'हातचे' हा शब्द थोडा थांबून पाहावा असा आहे. 'आईच्या हातची आमटी' असे म्हटले जाते तेव्हा त्या शब्दात माया असते. 'त्यांच्या हातचे आपल्याकडे चालत नाही' असे म्हटले जाई तेव्हा त्याच शब्दात एका माणसाला दुसऱ्यापासून तोडून टाकण्याचे क्रौर्य असे. आणि 'स्वतःच्या हाताने करून खातो' या उद्गारात कधी स्वावलंबनाचा अभिमान असतो, तर कधी एकटेपणाची कबुली. चव जिभेला कळते, असे सामान्यतः मानले जाते. भाषेला मात्र तेवढे पुरेसे वाटत नाही. पदार्थ कोणत्या हातून आला याची नोंद ती चवीबरोबरच करून ठेवते. अन्नाचा आनंद घेणे नैतिकदृष्ट्या निर्दोष आहे काय, हा प्रश्न जुनाच आहे. त्याचा विचार जिभेऐवजी हातापासून सुरू केला, तर तो निराळ्या वाटेने जाऊ लागतो.

भारतीय परंपरेने या प्रश्नाला एकच उत्तर दिलेले नाही. तैत्तिरीय उपनिषदातील भृगू ब्रह्माचा शोध घेऊ लागतो, तेव्हा अन्न हेच ब्रह्म असे त्याला प्रथम उमगते. पुढे प्राण, मन आणि विज्ञान या पायऱ्या चढून तो आनंदापर्यंत पोचतो. परंतु शिखर गाठल्यावर पायरी मोडून टाकावी, असे उपनिषद म्हणत नाही. अन्नाची निंदा करू नये, वसतीला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये, हा व्रतोपदेश आनंदाच्या साक्षात्कारानंतरच येतो. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाचे स्वरूप सांगताना दृष्टांत घेतला तोही जेवणाऱ्याचाच. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न प्रसन्न मनाने सेवन करणाऱ्याला जसा आस्वाद मिळतो, तसा प्रेक्षकाला भावांचा आस्वाद मिळतो, असे तो सांगतो. रस, आस्वाद, रुची हे साहित्यविचारातले शब्द असे पाकशाळेतून आलेले आहेत. दुसऱ्या बाजूला, जिव्हालौल्य हा साधकाचा मोठा शत्रू मानणारी परंपराही तितकीच बलवान आहे. विसाव्या शतकात महात्मा गांधींनी अस्वादाला आश्रमाच्या व्रतांमध्ये स्थान दिले आणि या परंपरेला नवे बळ मिळवून दिले.

गांधीजींचे उदाहरण मात्र वाटते तितके एकेरी नाही. १८८८ साली लंडनला गेलेल्या या तरुणाने मांस न खाण्याचा शब्द आईला दिलेला होता. उकडलेल्या, मीठमसाला नसलेल्या भाज्या त्याच्या घशाखाली उतरत नसत. पोटभर अन्नाच्या शोधात तो मैलोगणती पायपीट करी आणि स्वस्त उपाहारगृहात पाव खाऊन अर्धतृप्त परते. असेच भटकत असताना फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी उपाहारगृह त्याच्या दृष्टीस पडले. मनाजोगी वस्तू हाती आल्यावर मुलाला व्हावा तसा आनंद आपल्याला झाला, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. इंग्लंडला आल्यापासूनचे पहिले पोटभर जेवण तेथे झाले. पुढे खर्च कमी करण्यासाठी त्यांनी एकच खोली घेतली, शेगडीवर सकाळी ओटची लापशी शिजवली, कोकोसाठी पाणी उकळले आणि दुपारचे जेवण बाहेर घेतले. घरून येणारे मसाले त्यांनी बंद केले. जो उकडलेला पालक पूर्वी बेचव लागला होता, तोच आता रुचू लागला. चवीचे खरे स्थान जीभ नसून मन आहे, हा निष्कर्ष त्यांनी अशा अनुभवांतून काढला.

हा निष्कर्ष अस्वादाच्या बाजूचा पुरावा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः त्याची व्याप्ती त्याहून मोठी आहे. चव मनात असेल, तर मनाला जे जे ठाऊक आहे ते सारे चवीत उतरले पाहिजे. अन्न कोणी शिजवले, कोणाला वगळून ते वाढले गेले, शिजवणाऱ्याच्या वाट्याला काय उरले, हे सारे माहीत असूनही ज्याच्या जेवणाला काहीच फरक पडत नाही, त्याने रसनेवर विजय मिळवला असे म्हणण्यापेक्षा त्याचे मन जेवायला बसलेच नाही, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्यूरस याचे नाव पुढे चैनबाजीशी जोडले गेले. पण भुकेल्याला भाकरी आणि पाणीही परमसुख देतात, असे त्याचे प्रतिपादन होते, आणि काय खावे याआधी कोणाबरोबर खावे हे पाहावे, असा उपदेश त्याच्या नावावर नोंदलेला आहे. सुखवादाचा हा आचार्य आणि अस्वादाचा व्रती हे दोघे साध्या अन्नापाशी एकत्र येतात, ही गोष्ट लक्षणीय आहे.

परंतु साधे अन्न म्हणजे काय? पिठले-भाकरीच्या साधेपणाचे कौतुक मराठीत पुष्कळ झाले आहे. हा साधेपणा नेहमी खाणाऱ्याच्या बाजूने मोजला गेला, करणारीच्या बाजूने क्वचितच. गिरण्या गावोगाव पोचेपर्यंत भाकरीचा दिवस पहाटेच्या जात्यापाशी सुरू होत असे. जात्यावरच्या ओव्यांत जो ऊर भरून आलेला आढळतो, त्यात त्या दळणाचे ओझेही मिसळलेले आहे. ज्वारीच्या पिठाला पोळीच्या कणकेसारखा चिकटपणा नसतो. म्हणून गरम पाण्यात ते मळावे लागते, एकेक भाकरी हाताने थापावी लागते, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवावे लागते आणि मग निखाऱ्यावर फुगवावी लागते. भाकरी गरम खाण्यातच मजा, म्हणून जेवणारे पानावर बसतात आणि करणारी चुलीपुढे राहते. तव्यावरची भाकरी सगळ्यांच्या ताटात जाते. जिने ती केली तिच्या वाट्याला शेवटची, निवलेली येते. घरच्या जेवणाची गोडी या अदृश्य उणिवेवर उभी आहे. ही गोडी खोटी नव्हे. मात्र ती ऋणात घेतलेली आहे, आणि ज्या घरात या ऋणाची जाणीव नाही तेथे साधेपणा हा सद्गुण न राहता एक सोय होऊन बसतो.

या श्रमाला श्रम म्हणून ओळख मिळाली ती पुष्कळदा घराबाहेर पडल्यावरच. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार बायकामुलांना गावी ठेवून राहत असत. त्यांच्या जेवणाची सोय खानावळी चालवणाऱ्या बायकांनी केली. दोन्ही वेळचा स्वयंपाक, महिन्याचा हिशेब, वाण्याची आणि सावकाराची देणी हे सारे एकाच खोलीत चाले. १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले, या बायका संघटित झाल्या आणि त्यांच्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट खुली झाली. जी भाकरी घरात 'कर्तव्य' होती, तीच येथे 'व्यवसाय' ठरली. पैशाने अन्नातील माया नाहीशी होते, अशी तक्रार नेहमी केली जाते. येथे तर पैशानेच प्रथम त्या हाताची किंमत मोजली.

बाहेरच्या अन्नाचा दुसरा इतिहास याहून कठोर आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढे वादळ उठले, आणि रानडे व टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रकरणाला कसे तोंड द्यावे लागले, हे प्रसिद्ध आहे. एक पेला चहा हा त्या काळी रुचीचा प्रश्न नव्हता. तो कोणाच्या हातचा, एवढाच प्रश्न होता. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या अस्पृश्य गणल्या गेलेल्या गृहस्थांनी चहाचे दुकान काढले, तेव्हा शाहू महाराज स्वतः तेथे थांबून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. कोणताही ग्रंथ न लिहिता केलेले हे एक भाष्य होते. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे; तेथे प्रवेश करताना धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे ते सांगते. राष्ट्राच्या मूलभूत कायद्याला उपाहारगृहाच्या दाराची दखल घ्यावी लागली, यातच त्या दारापाशी किती माणसे अडवली गेली होती हे दिसते. कायद्यानंतरही कित्येक गावांच्या चहाच्या दुकानांत वेगळ्या कपबश्या राहिल्याच.

प्रवासातील खाण्याचा नैतिक अर्थ या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. प्रवासी दोन प्रकारे चुकतो. कोणी जाईल तेथे आपले घर पाठीवर घेऊन जातो आणि प्रत्येक गावात स्वतःचेच वरण शोधतो. कोणी पदार्थांची नावे पदकांसारखी गोळा करतो आणि ते रांधणाऱ्या माणसांकडे पाहतही नाही. केरळात खोबरेल तेलात परतलेली भाजी समोर आली की डोक्याला लावण्याचे तेल अशी ओळख असलेल्या मराठी माणसाला प्रथम वास येतो. बंगालमध्ये मोहरीच्या तेलातला मासा नाकाला झोंबतो. या पहिल्या नकाराच्या क्षणाला महत्त्व आहे. दुसऱ्याच्या अन्नाविषयीची किळस आणि दुसऱ्या माणसाविषयीची तुच्छता यांत अंतर फार थोडे असते. भारतीय समाजाने ते वारंवार पुसून टाकले आहे. तो क्षण ओलांडून दुसरा घास घेणे ही म्हणूनच केवळ रसिकता नव्हे. ज्या हाताची ओळख नाही त्यावर विश्वास टाकणे, हा त्या घासाचा आशय असतो. अमृतसरच्या लंगरात पंगतीला बसणारा किंवा पुरीच्या आनंदबाजारात महाप्रसाद घेणारा यात्रेकरू हा विश्वास सामूहिक रूपात अनुभवतो.

मराठी परंपरेत घर आणि प्रवास यांना जोडणारी वस्तू म्हणजे शिदोरी. वारीच्या अखेरीस आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. गोपाळांनी आपापल्या घरच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, ही त्यामागची कथा. काल्यात कोणता घास कोणाच्या हातचा हे सांगता येत नाही, आणि तेच त्याचे माहात्म्य. मात्र ज्या पंढरपुरात हा काला वाटला जाई, तेथील देवळाचा उंबरठा अस्पृश्य मानलेल्यांना ओलांडता यावा म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. एक माणूस अन्न वर्ज्य करून बसला, तेव्हा काल्याचा अर्थ देवळाच्या दारापर्यंत पोचला. अन्नत्याग आणि अन्नानंद यांना परस्परविरोधी मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

तेव्हा अन्नाचा आनंद घ्यावा की टाळावा, हा प्रश्न अपुरा ठरतो. आनंदातून ज्याला वगळले गेले तो कोण, हे विचारल्याखेरीज त्याचे उत्तर मिळत नाही. वर्षानुवर्षे घरात शेवटी जेवणारी एखादी स्त्री यात्रेला निघते, वाटेवरच्या एखाद्या साध्या भोजनगृहात बाकावर बसते आणि तिच्यापुढे ताट येते. भाजी तिच्या हाताइतकी चांगली झालेली नसते. मीठ थोडे कमी पडलेले असते, हेही तिला पहिल्या घासातच कळते. पण भाकरी तव्यावरून थेट तिच्या ताटात पडते आणि 'आणखी वाढू का?' असे तिला विचारले जाते. त्या अन्नाला जी चव असते, तिच्यासाठी पाकशास्त्रात नाव नाही. हीच चव तिच्या घरातही तिला का मिळू नये, हा प्रश्न मात्र तिच्याबरोबर बाकावर बसलेल्यांनी परत जाताना घरी न्यावा असा आहे.