लंगर मस्त आहे

कुणाचं सगळं बुडालं की आपण मराठीत म्हणतो, त्याचं पानिपत झालं. १४ जानेवारी १७६१ ने आपल्या भाषेला दिलेला हा शब्द. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७६२ मध्ये, पानिपत जिंकलेल्या अब्दालीनेच पंजाबात शिखांची कत्तल केली. लढवय्यांबरोबर बायका, पोरं, म्हातारीकोतारी होती. हजारोंनी माणसं गेली. त्याला शीख 'वड्डा घल्लुघारा' म्हणतात. पण रानोमाळ भटकत लढणाऱ्या निहंग शिखांनी एक भलतीच बोली जपली. भाजलेले चणे म्हणजे 'बदाम'. कांदा म्हणजे रुपं. एकटाच शीख आला, तर सव्वा लाखाची फौज आली. माणूस मेला, तर चढाईवर गेला. आणि शिधा संपला, की 'लंगर मस्त आहे'!

या वृत्तीचं नाव चढदी कला. मन चढतं ठेवणं. तरुण मुलांना मनाचं आरोग्य शिकवताना हा शब्द हमखास येतो, आणि तिथेच घोळ होतो. ज्याला महिनाभर झोप नाही, अशा पोराला 'चढदी कलेत राहा' म्हटलं, की त्याला ऐकू येतं 'रडू नकोस'. आपल्याकडचं 'मन घट्ट कर' त्याच जातीचं. अशा पोराला डॉक्टरकडे न्यावं, सुविचार ऐकवू नये.

खरं तर शीख रोज 'अरदास' या प्रार्थनेत चढदी कला मागतात, आणि तिच्याबरोबर सर्वांचं भलं. मागतात ते आपल्यापाशी कायमचं नसतं म्हणूनच ना? आणि दुःख गिळायला या परंपरेने सांगितलेलंच नाही. बाबराच्या स्वारीतली होरपळ पाहून गुरू नानकांनी थेट सृष्टिकर्त्यालाच जाब विचारला, तुला कळवळा नाही का आला? ती रचना ग्रंथसाहिबात आहे, कुणी गाळली नाही. मुलांना आधी ही शिकवावी असं मला वाटतं. तक्रार करायची मुभा आहे हे कळलं, की पुढचं काही कानात शिरतं.

पुढचं म्हणजे ते बदाम. चण्यांना एकटाच माणूस बदाम म्हणू लागला, तर घरचे काळजीत पडतील. दहा उपाशी माणसं मिळून म्हणाली, तर ती थट्टा होते, आणि थट्टा वाटून घेता येते. चढदी कला अशी जमावात, हातातल्या कामातून अंगी लागते. सेवेने ताण कसा कमी होतो याचे तक्ते वर्गात भरून घेण्यापेक्षा पोराला वाढायला उभं करावं.

नांदेडला हजूर साहिबच्या लंगरात मी पंगतीला बसलो होतो. चारही मुलगे गमावलेल्या गुरू गोबिंदसिंगांनी १७०८ मध्ये याच गावी देह ठेवला. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा डाळीची बादली घेऊन येत होता. चेहरा पडलेला, कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. 'परशादा' म्हणत मागून येणारे आजोबा ओंजळीत रोटी टाकत होते. मी डाळ मागितली. मुलाने पळी घातली, ती तळाला खणकन वाजली. तो ओशाळून बादलीत बघत राहिला.

'मस्त!' आजोबा ओरडले.

मुलगा फिस्सकन हसला आणि रिकामी बादली हलवत भटारखान्याकडे पळाला.