जो शिकत नाही त्याने शिकवावे काय?

हा प्रश्न ऐकून आमचे काही शिक्षकबंधू रागावतील हे मी जाणून आहे. ते म्हणतील, ज्यास बाराखडी येते त्याने बाराखडी शिकवावी. तेवढ्यासाठी त्याने स्वतः नवे काय शिकावयाचे? भाकरी थापणारी बाई रोज नव्याने भाकरी थापावयास शिकत नाही. हे बोलणे वरवर बिनतोड दिसते. परंतु आपण नीट थापले जात नाही ह्याची पिठास लाज वाटत नाही, मुलास वाटते.

पाळकपणाबरोबर खेड्यातील शाळेत व रात्रीच्या वर्गात शिकविण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, शिक्षकास अज्ञानापेक्षा विस्मृतीच अधिक नडते. आज जे येते ते एके काळी आपल्यालाही येत नव्हते, हे तो विसरतो. आणि एकदा ते विसरला म्हणजे मुलाचे अडखळणे त्यास आळस किंवा हट्ट वाटू लागते.

आपल्या अंकांचेच पाहा. मूल कानाने ‘पंचवीस’ ऐकते. त्यात पाच आधी व वीस मागाहून. पाटीवर मात्र 2 आधी लिहावयाचे. ज्याने 52 लिहिले त्याने कानाची आज्ञा प्रामाणिकपणे पाळली आहे. ‘एकोणतीस’ तर याहून कठीण. त्यात तीस ऐकू येते, पण 3 लिहिला की चूक. बरे, हा ‘एकोण’चा नियम एकोणनव्वदपर्यंत नेटाने चालतो आणि नव्व्याण्णवाशी येऊन मोडतो. इ. स. 2019 मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची रीत घातली, तेव्हा गावोगाव हशा झाला. विधिमंडळातही थट्टा झाली. ती रीत बरी की वाईट हा वाद मी येथे घेत नाही. माझ्या कानास पंचवीसच गोड लागते. मला नवल वाटले ते एवढेच की, हसणाऱ्या हजारो थोरांपैकी फारच थोड्यांना आठवले असेल की, आपणही कधी ह्याच दगडास ठेचकाळलो होतो. ‘ख’ हे अक्षरही पूर्वी ‘र’ आणि ‘व’ शेजारी लिहिल्यासारखे दिसे, ‘खाना’ व ‘रवाना’ ह्यांत घोटाळा होई, म्हणून पुढे र चे शेपूट व ला जोडण्यात आले. म्हणजे तेथे दोष डोळ्यांचा नव्हता, अक्षराचा होता.

आता विस्मृतीवर औषध काय? मला एकच ठाऊक आहे. शिक्षकाने स्वतःस मुळीच येत नाही असे काहीतरी शिकावयास बसावे. आमच्या मंडळीतील एका कुटुंबाजवळ जुने खरेदीखत होते. ते मोडीत असल्यामुळे घरात कोणास वाचता येईना, म्हणून मी मोडी शिकावयास घेतली. मराठी राज्याच्या दफ्तरांत हीच लिपी होती, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडील पुष्कळ लिहिणे तिच्यात होत असे. भाषा माझीच, शब्द माझेच. तरी पहिले काही आठवडे मला एक ओळ लागेना. मोडीत प्रथम कागदाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढतात व तिच्याखाली लेखणी होईल तितकी न उचलता लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. काल ओळखलेले अक्षर आज शेजाऱ्यास जोडून आले की अनोळखी होते. एक शब्द लागला म्हणजे पुढचे अंदाजाने ठोकून द्यावेसे वाटते. मुलेही हेच करितात, आणि आम्ही मास्तरलोक त्यास लबाडी म्हणतो! परंतु अंदाज बांधणे हे वाचू पाहणाऱ्याचे पहिले पाऊल आहे, हे मला त्या कागदावर कळले.

याहून एक गोष्ट कळली ती अशी. कोणी जाणता मागे उभा राहून ममतेनेच म्हणे, “अहो, हे तर सोपे आहे,” आणि येत असलेलेही नाहीसे होई. विचार करून पाहा, ह्या शब्दांचा अर्थ शिकणाराच्या मनात काय होतो? कठीण गोष्ट न आली तर त्यात कमीपणा नाही. सोपी गोष्ट येत नसेल तर मग मी कोण? 2009 च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळेत मारण्यास व मानसिक छळास मनाई केली, हे योग्यच झाले. पण ‘सोपे आहे’ ह्या छडीचा वळ कोणत्याही तपासणीत दिसणार नाही.

एक आक्षेप मात्र खराखुरा आहे आणि तो आम्हां खेड्यातील लोकांचाच आहे. आपल्या पुष्कळांच्या पूर्वजांना अक्षरांपासून दूर ठेवण्यात आले. आपल्यातून एक जण मास्तर किंवा उपदेशक झाला, तर त्याचा मान त्याच्या विद्येवर उभा आहे. त्यानेच पाटी घेऊन पोरासारखे अडखळावयाचे, तर गाव काय म्हणेल? दुसऱ्या कोणी ‘मला येत नाही’ म्हटले तर तो विनय ठरतो. आपल्याने म्हटले तर ‘आम्ही म्हणतच होतो’ असे ऐकावे लागते. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. तथापि प्रेषितांच्या कृत्यांतील अपुल्लोस मोठा वक्ता व शास्त्रांत प्रवीण असताही तंबू करणाऱ्या अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी शिकावयास बसला, ह्यात त्याचा मान गेल्याचे कोठे लिहिलेले नाही.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक म्हातारी आहे. नातवंडे हसतात म्हणून तिने येणे सोडले होते. एके दिवशी मी खरेदीखत पुढे घेऊन बसलो असता ती दिवा मागावयास आली, थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “पाळकसाहेब, तुमचंबी बोट आमच्यावानीच सरकतंय की!” पुढच्या सोमवारी ती पाटी घेऊन आली. माझा मान तिच्या ठिकाणी वाढला की घटला हे मी विचारले नाही.

त्या खताच्या चौथ्या ओळीत अजून एक शब्द अडला आहे. शेताची उत्तरेकडील हद्द त्यातच आहे, म्हणून त्या कुटुंबास तो फार मोलाचा. शाळेतील मुलांना हे समजल्यापासून हजेरी घेण्याच्या आत कोणीतरी विचारतोच, “लागला का, सर?”