लोखंडी भीम आणि बळाचा हिशेब

भीम, हनुमान, शक्तिमान आणि सुपरमॅन यांच्यात बलवान कोण, हा वाद पारावरून मोबाइलवर गेला असून त्यात आकडेमोडीची नवी हौस शिरली आहे: नायकाने कोणती वस्तू फोडली ते पाहायचे, त्या वस्तूची ताकद पदार्थविज्ञानाच्या कोष्टकातून उचलायची आणि ती थेट नायकाच्या खात्यावर जमा करायची. या उद्योगाला साहित्याचे पंडित पोरखेळ म्हणून नाक मुरडतात, तर जटायू बीडमध्येच पडला असे जटाशंकर मंदिराकडे बोट दाखवून सांगणाऱ्या भाविकाला पुराणाला फूटपट्टी लावणेच मंजूर नसते. हिशेब करणारे चुकतात हे खरे, परंतु त्यांची चूक फूटपट्टी लावण्यात नसून ती भलत्या जागी लावण्यात आहे.

त्यांचा आवडता पराक्रम म्हणजे खडक फोडणे. बालाघाटच्या डोंगररांगेतला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, ताजा आणि अभंग असेल तर चिरडला जाण्यापूर्वी दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक ते तीन टन भार सोसतो, आणि हाच आकडा मुठीने कातळ फोडणाऱ्या नायकाच्या नावावर चढवला जातो. प्रत्यक्षात खडकाची ताण सोसण्याची, म्हणजे ओढून विलग करणाऱ्या बलाला विरोध करण्याची ताकद त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकीच असते, आणि दगडावर पोट असलेल्या वडार-पाथरवटांना हे कोष्टकावाचून ठाऊक असते. पाथरवट कातळाची नस पाहून एका रेषेत भोके घेतो, त्यांत पोलादी पाचरी बसवतो आणि घणाचे घाव एकाच पाचरीवर न घालता ओळीने फिरवत नेतो. घावाचा आवाज बदलला की आतली भेग चालू लागल्याचे त्याला कळते, आणि मग थोडक्या घावांत त्याच्याहून कितीतरी जड धोंडा सरळ दुभंगतो. कोष्टकाच्या न्यायाने या माणसालाही अतिमानव म्हणावे लागेल, पण त्याची मजुरी तसे सांगत नाही.

ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याचे नाव या वादात कोणी घेत नाही, वास्तविक सगळा वाद त्याच्यापाशीच सुटतो. फार्नबरो येथील सरकारी विमान-संशोधन संस्थेत काम करताना त्याला असे आढळले की अणूंमधील बंधांवरून काच जितकी बळकट निघायला हवी, तिच्या जवळपास शंभराव्या हिश्शाच्या ताणालाच ती तुटते. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने याचे कारण सांगितले: काचेत डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात, भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो, आणि भेग पुढे सरकताना मोकळी होणारी ऊर्जा नवा पृष्ठभाग तयार करण्यास लागणाऱ्या ऊर्जेहून अधिक झाली की भेग आपणहून धावू लागते. काचेचे ताजे धागे ओढून त्याने हेही दाखवले की धागा जितका बारीक तितका तो बळकट, कारण बारीक धाग्यात मोठ्या भेगेला जागाच नसते. तात्पर्य असे की फुटलेली ठिसूळ वस्तू फोडणाऱ्याच्या बळापेक्षा स्वतःतील सर्वात घातक भेगेचीच अधिक माहिती देते. द्रोणागिरी तळहातावर पेलणाऱ्या हनुमानाच्या बाबतीतही खरा प्रश्न हनुमानाच्या दंडाचा नाही, डोंगराचा आहे. एवढ्याशा जागी सगळा भार एकवटल्यावर कोणताही खडक अखंड राहणार नाही.

म्हणजे असा हिशेब मुळातच फोल ठरतो काय? महाभारतातील स्त्रीपर्व तसे म्हणू देत नाही. युद्धानंतर धृतराष्ट्र भीमाला आलिंगन देऊ पाहतो, कृष्ण भीमाला बाजूला सारून त्याची लोखंडी प्रतिमा पुढे करतो, आणि आंधळा राजा ती चुरगाळून टाकतो. लोखंड काचेसारखे तडकत नाही, ते वाकते. त्याला कायमचे वाकवण्यास लागणारे प्रतिबल, म्हणजे एकक क्षेत्रफळावरचे बल, दर चौरस सेंटिमीटरला ढोबळ मानाने अडीच टन धरता येते. प्रतिमा भरीव आणि मिठीचे क्षेत्र हजार चौरस सेंटिमीटर मानले तर अडीच हजार टनांचे बल लागते. १९८३ च्या ‘सुपरमॅन ३’ चित्रपटात नायक मुठीत कोळसा दाबून हिरा करतो. हिरा घडण्यास दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पन्नास टन दाब आणि प्रचंड उष्णता लागते, मात्र कोळशाचा खडा दहा चौरस सेंटिमीटरचा असेल तर एकूण बल पाचशे टनच भरते. दाबात सुपरमॅन वीसपट पुढे आणि बलात धृतराष्ट्र पाचपट पुढे, तेव्हा ‘बलवान कोण’ हा प्रश्न ‘कशात’ असे विचारल्याशिवाय अर्थहीन ठरतो. गंमत अशी की महाभारत धृतराष्ट्राला दहा हजार हत्तींचे बळ देते, आणि अडीच हजार टन दहा हजारांत वाटले तर एका हत्तीच्या वाट्याला पाव टन येतो, जो हत्तीला मुळीच जड नाही.

हा मेळ पाहून कोणी व्यासांना धातुशास्त्रज्ञ ठरवण्याआधी, २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानांवरच्या निबंधाने उडालेला धुरळा आठवावा. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा तेथे आधार घेतला गेला, त्यातील विमाने उडूच शकत नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले होते. वरचा मेळ गृहीत धरलेल्या क्षेत्रफळावर उभा आहे. प्रतिमा पोकळ निघाली की तो कोसळतो.

व्यासांचे खरे मोठेपण वेगळ्या तपशिलात आहे. प्रतिमा चुरगाळताना धृतराष्ट्राची छाती भरडली जाते, त्याच्या तोंडातून रक्त येते आणि तो कोसळतो. वस्तूवर लावलेले बल तितक्याच जोराने देहावर उलटते, हे ही कथा विसरत नाही. सुपरमॅनचा तळवा मात्र कोरा राहतो. एकदाच सोसलेल्या भाराच्या पुढेही एक गोष्ट आहे. एका झटक्यात न मोडणारा धातू कमी भाराच्या लाखो आवर्तनांनी मोडतो, याला धातूचा थकवा म्हणतात; एकोणिसाव्या शतकात वोलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर त्याचा अभ्यास केला आणि १९५४ मध्ये कॉमेट विमाने याच कारणाने आकाशात फुटली.

बीडमध्ये बळाचा हिशेब करायचा तर तो येथून सुरू व्हावा. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन दरवर्षी साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. जोडीने दिवसाला दीड टन ऊस तोडला आणि हंगाम १५० दिवसांचा धरला, तर २२५ टन होतात, आणि तो सगळा ऊस मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून गाडीत चढतो. आजारी पडले तरी खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, कापला जातो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे दिसून आले. त्यामागे खाड्याची धास्ती होती, तशी डॉक्टरांनी घातलेली भीतीही होती. अतिमानवांची कोष्टके मांडणाऱ्यांनी ती खुशाल मांडावीत, फक्त त्यांत आवर्तनांचा एक रकाना वाढवावा. त्या रकान्यात कल्पित नायकांपैकी बहुतेकांना शून्य गुण मिळतील.