भय म्हणजे ईमानाची उणीव काय?

घरातील वडीलधाऱ्यांची उद्या सकाळी अँजिओग्राफी आहे आणि रात्रभर ते कूस बदलत आहेत. अशा वेळी आपण काय म्हणता? बहुधा हेच, "अब्बा, अल्लाहवर भरवसा ठेवा, घाबरता कशाला?" वाक्य निर्दोष आहे. परंतु त्यात एक आरोप दडलेला असतो, की ज्याला भय वाटते त्याचा भरवसा कच्चा.

कुरआनला हा आरोप मान्य दिसत नाही. जादूगारांच्या दोऱ्या सापांसारख्या धावताना भासल्या तेव्हा ह. मूसा (अलैहिस्सलाम) यांच्या मनात भय उपजले, असे सूरह ताहामध्ये (20:67) नमूद आहे. त्याबद्दल त्यांना दोष दिला गेला नाही. धीर दिला गेला आणि पुढे काय घडणार आहे, हेही सांगितले गेले.

हे दुसरे आपण विसरतो. मनगटातील किंवा जांघेतील धमनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. तेवढीच जागा बधिर करतात, रुग्ण बहुधा जागाच असतो. औषध सोडताना अंगातून क्षणभर ऊब पसरते. हे ठाऊक नसलेल्याला ती ऊबही मृत्यूची चाहूल वाटू शकते.

आमच्या मोहल्ल्यातील एका वृद्धांना मुलांनी "साधी तपासणी आहे" एवढेच सांगितले होते. स्टेंटचा विषय त्यांनी प्रथम ऐकला तो आत, टेबलावर. नंतर ते मला म्हणाले, "मौलाना, सुई दुखली नाही. पोरांनी मला लहान लेकरू समजलं, ते दुखलं." मुलांचा हेतू प्रेमाचाच होता. आणि मी तरी काय केले? त्या सकाळी दुआ करून निघून आलो. त्यांना काही विचारायचे आहे काय, हे विचारलेच नाही.

काहींना सारे जाणून घेणे नको असते, हेही खरे. त्यांच्यावर माहिती लादू नये. पण नको म्हणण्याचा अधिकार त्यांचा आहे, आपला नव्हे.

उपाशी किती वेळ राहावे, कोणती गोळी थांबवावी, हे डॉक्टरांना विचारावे. इमामाला विचारण्याजोगेही काही असते. जांघेतून नळी घातली असेल तर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. त्या अवस्थेत नमाज इशाऱ्याने, पडल्यापडल्या अदा होते. कित्येक वृद्धांना आदल्या रात्री नेमकी हीच काळजी पोखरत असते, आणि संकोचापायी ते ती बोलून दाखवत नाहीत.