बिनपगारी दप्तरदार

राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या त्या पहिल्या अधिवेशनामागचा हा निवृत्त मुलकी अधिकारी पुढे इंग्लंडला परतला, उतारवयात वनस्पतिशास्त्राच्या नादी लागला, आणि वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, १९१० साली, दक्षिण लंडनच्या टल्स हिल भागात सामान्य रहिवाशांसाठी त्याने एक वनस्पतिशास्त्र-संस्था स्थापन केली, ही हकीकत सहसा कोणी सांगत नाही. तेथे वाळवून, दाबून कागदावर बसविलेल्या वनस्पतींचा जो संग्रह आहे, त्याच्या निगराणीत आज स्वयंसेवकांचा वाटा मोठा आहे.

राखणदार नसलेल्या विद्येची गत काय होते, हे ह्यूम यांनी सिमल्यातच भोगले होते. भारतीय पक्ष्यांविषयी वर्षानुवर्षे लिहून ठेवलेली त्यांची हस्तलिखिते, ते बाहेरगावी असताना, नोकराने बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. रद्दीवाल्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्याला कागदाचे वजन कळत होते आणि त्याने ते प्रामाणिकपणे केले असावे. वाळलेल्या रोपाचे वजन तर त्याहूनही कमी भरेल.

या वजनाला जे मोल येते ते कोपऱ्यातल्या चिठ्ठीमुळे: वनस्पतीचे नाव, स्थळ, तारीख, गोळा करणाऱ्याची सही. स्वयंसेवक सुटलेले देठ पुन्हा चिकटवितो, गळून पडलेले बी फेकून न देता कागदाच्या लहानशा पुडीत घालून त्याच पृष्ठावर डकवितो, आणि भुंगेऱ्यांचा संशय येताच सगळा गठ्ठा काही दिवस गोठवून ठेवतो. पूर्वी कीड लागू नये म्हणून नमुन्यांना पाऱ्याचे विषारी क्षार लावण्याची वहिवाट अनेक ठिकाणी होती. म्हणून जुन्या संग्रहांना हात लावताना हातमोजे घालावे लागतात. या साऱ्या व्यवहारातला मला सर्वांत आदरणीय वाटणारा नियम असा, की एखाद्या विद्वानाने दिलेले नाव चुकीचे ठरले तरी ते खोडायचे नाही. दुरुस्तीची नवी चिठ्ठी, सही-तारखेनिशी, शेजारी लावायची आणि जुनी जागच्या जागी राहू द्यायची. आपल्या सरकारी दप्तरांत ही शिस्त पाळली गेली असती तर कित्येक दिवाणी दाव्यांना जन्मच मिळाला नसता.

असे काम फुकट करणाऱ्याला आपण हौशी म्हणतो, आणि त्या शब्दात किंचित तुच्छता मिसळलेली असते. ही तुच्छता अस्थानी आहे. ज्याने शंभर वर्षांपूर्वी फुललेली फांदी तोडून तारीख टिपली, त्याला फक्त जात ओळखायची होती. आज त्याच तारखा जुळवून हवामान उबदार होत चालल्याने फुलोरा किती अलीकडे सरकला याचा माग काढला जातो. तेव्हा कोणती नोंद पुढे कशाला उपयोगी पडेल याचा अंदाज ना संग्राहकाला होता, ना आज ती नकलून घेणाऱ्या निवृत्त गृहस्थाला आहे. आणि उपयोगाची ग्वाही न मागता बिनचूक नक्कल करीत राहणे ही वेतनावाचून पत्करलेली असली तरी विद्वत्तेचीच एक शाखा आहे.

मात्र याच निष्ठेचा हवाला देऊन जेव्हा विश्वस्त मंडळी पगारी अभिरक्षकाची जागा रिकामी ठेवतात, तेव्हा त्या काटकसरीला लोकसहभाग म्हणणे ही शुद्ध फसवणूक होय. स्वयंसेवक आजारी पडतो, नातवंडांकडे जातो, थकतो. भुंगेरे मात्र रजा घेत नाहीत. कपाटाच्या किल्लीचा जबाब ज्याच्याकडून मागता येईल आणि नवख्याच्या चिठ्ठीची खातरजमा ज्याला करता येईल असा एक तरी जाणकार मनुष्य पगारावर हवा, आणि त्याचा पगार अंदाजपत्रकात स्वयंसेवकांच्या चहापाण्याच्या आधी मांडलेला असावा.