पाण्याचं देणं

सह्याद्रीचा मुख्य कणा दक्षिणोत्तर उभा आहे. त्याला पूर्वेकडे डोंगरांच्या फांद्या फुटतात आणि दोन फांद्यांच्या मधे सापडतं ते खोरं. आंबी, मोसे, मुठा ही अशीच शेजारशेजारची खोरी. पुणे शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट. आंबीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव, मुठेवर टेमघर आणि खाली सगळ्यांचं पाणी गोळा करणारं खडकवासला. पुण्याच्या नळाला येतो तो बराचसा आमच्या डोंगरावरचा पाऊस.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, ते पुण्याला अजून पाठ आहे. पुरानंतर पुणं परत उभं राहिलं. मोसे खोऱ्यातली बुडालेली गावं काही जागेवर परत उभी राहायची नाहीत.

शहरातला माणूस म्हणतो, "तुमचं गाव मी बुडवलं नाही." खरंच आहे. त्यानं नळ फिरवला, एवढंच. मोबदला सरकारनं दिला, फाईल मिटली. मग देणं उरलं कुठं?

गावाकडं याचं उत्तर सोपं होतं. दोष वेगळा, देणं वेगळं. शेजाऱ्याच्या विहिरीवर हंडा भरला तर त्यात गुन्हा नाही. पण त्याच्या घरी कार्य निघालं की न बोलावता राबायला जायचं. पाण्याचे पैसे कुणी मागत नसे. जाण मात्र ठेवावी लागे.

हे आपल्यालाही लागू होतं, तिथं ते जड जातं. धरणग्रस्त म्हणून आम्हाला दौंड तालुक्यात जमीन मिळाली. ती कुणा शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरून निघालेली. बांधावर भेटला की तो मान फिरवायचा. वडील चिडायचे. आजी म्हणायची, "आरं, त्याची बी जमीन गेलीच की. तू आपला राम राम घाल." आणि त्या जमिनीला पाणी खडकवासल्याच्या कालव्याचं; म्हणजे आमच्याच बुडालेल्या शिवारावरून आलेलं.

देणारा एक, घेणारा दुसरा, अशी सरळ रेघ इथं निघत नाही. म्हणून देणं फिटत नाही. ते थोडं थोडं सगळ्यांवर येतं. वरसगावच्या जलाशयाला मोसे खोऱ्याच्याच वीर बाजी पासलकरांचं नाव आहे, ते योग्यच झालं. पण पाण्याखालच्या वाड्यांची नावंही कुणाला तरी यावीत. मोबदल्यानं जमिनीचा व्यवहार मिटतो. पाणी रोज येतं, म्हणून देणंही रोजचं. कालचं पाणी शिळं झालं म्हणून हंडा मोरीत रिकामा करण्याआधी, ते कुठल्या डोंगरावरून आलं, एवढं तरी घरातल्या पोराला सांगावं.